सोबतीचा खडा

१

अलिबागेत त्या काळी भाड्यानं मिळणाऱ्या मोटारी तीन होत्या आणि त्यांतली चालणारी एक. ती हरेश्वरशेटांची. जुनी फोर्ड; हँडल मारल्याशिवाय जागी होत नसे आणि जागी झाली की सगळ्या आळीला जागं करी. पेट्रोलची कुपनं, रस्ते, मधल्या दोन खाड्या, सगळं बोलून झाल्यावर शेटांनी ती दोन दिवसांसाठी दिली, पण अटी घातल्या. चालवायला त्यांचाच शिवदास असेल आणि येताना गाडीत सुक्या मासळीचं गाठोडं चढता कामा नये. मी कोर्टाच्या कचेरीत कारकून. अटी लेखी मागितल्या. शेट हसले आणि चावी शिवदासच्या हातात दिली.

गाडी हवी होती नलूसाठी. नलू माझी धाकटी बहीण, श्रीवर्धनला दिलेली. तिचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं. आता पुन्हा आठवा लागला होता, नवरा मुंबईला नोकरीत, घरात एकटी सासू. आईनं हट्ट धरला की या खेपेला बाळंतपण अलिबागेलाच, दवाखान्याच्या जवळ. बोटीनं आणावं तर श्रीवर्धनला बोट धक्क्याला लागत नाही. पडावातून जाऊन लाटांवर हेलकावे खात वर चढावं लागतं. तशा अवघडलेल्या बाईला ते कसं जमणार? म्हणून मोटार.

आणि श्रीवर्धन तेव्हा परमुलूख. देश स्वतंत्र होऊन चार महिने झाले होते, पण रेवदंड्याच्या खाडीपलीकडे नबाबाचं राज्य अजून शाबूत होतं. आम्ही त्याला हबसाण म्हणायचो. तिथला नाका वेगळा, शिपाई वेगळे, कायदे वेगळे. त्यात राज्य विलीन करा म्हणून चळवळ उठलेली. त्यामुळे नाक्यावर आत जाणाऱ्यांची नावं लिहून घेत आणि बाहेर येताना मोजून सोडत.

निघालो तिघं. मी, शिवदास आणि तुळशीराममामा. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, साठीला टेकलेले, बोलके, शिंकायचं झालं तरी आधी शास्त्र बघणारे. रेवदंड्याला खाडी ओलांडायच्या तरीवर भरतीची वाट बघत उभे असताना त्यांनी एकदम कपाळावर हात मारला.

"दत्तू, अरे आपण तिघं!"

"मग?"

"भाचीला बाळंतपणाला आणायला निघालोय आणि तिघं? सोबतीचा खडा घ्यायचा राहिला."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शुभ कामाला तिघांनी मिळून जाऊ नये, असं आमच्याकडे मानतात. जायचीच वेळ आली तर चौथा म्हणून एक खडा सोबत घ्यायचा. घरच्या अंगणातला, खिशात मावेल एवढा. पोचलो की उंबऱ्याबाहेर टाकून द्यायचा. झालं.

"मामा, शिवदास ड्रायव्हर आहे. त्याला कशाला धरता?"

"तो काय गाडीच्या मागून धावत येणारेय?"

मामा धोतर वर खोचून खाली चिखलात उतरले. तिथे खडे कुठले, सगळा गाळ आणि शिंपल्यांचा चुरा. पाण्याच्या कडेला एकच काळा दगड होता, मुठीपेक्षा थोडा मोठा. तो त्यांनी उचलला.

तरीवरचा अंबाजी दोर सोडत होता. त्यानं ते पाहिलं.

"मामा, ह्यो हितला कशाला उचलताव?"

"सोबतीला."

"सोबतीला घरचा न्हाय गावला?"

मामांना चेष्टा वाटली. अंबाजी काही हसला नाही. त्यानं पुन्हा दोराला हात घातला.

२

दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकायच्या, त्याला सांगड म्हणतात. मोटार त्यावरून पलीकडे न्यायची. साळावला उतरलो की समोरच नाका: एक कौलारू पडवी, एक मेज, रस्त्यावर आडवा बांबू. नाकेदाराच्या तोंडात पान आणि डोकं वहीत.

"कुठं जाणार?"

"श्रीवर्धन. भाचीला आणायला," मामा म्हणाले.

"असामी किती?"

मी 'तीन' म्हणायला तोंड उघडलं तोच मामांनी माझा दंड दाबला. खडा घेतल्यावर तोंडानं तीन म्हणायचं नसतं. म्हटलं की खडा फुकट गेला.

"चार," मामा म्हणाले.

"नावं?"

"तुळशीराम. दत्तात्रेय. शिवदास."

लेखणी थांबली. "चौथा?"

मामांनी खाडीच्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "कोंडाजी."

सरकारी दप्तरात खोटं नाव! असल्याच गोष्टींपायी माणसं कशी अडकतात ते मी कचेरीत रोज बघत होतो. शिपाई उठला आणि गाडीकडे गेला. एकेका खिडकीशी वाकून त्यानं आत पाहिलं. मी मनातल्या मनात माफीचा अर्जसुद्धा लिहायला घेतला होता. तो परत आला आणि म्हणाला, "चार. बराबर हाय."

नाकेदारानं चिठ्ठी फाडून दिली. "येताना हीच दाखवायची. ही नावं, हीच माणसं. कमी नको, जास्त नको."

"येताना बहीण असेल बरोबर."

"ती इथली रहिवासी. तिची परवानगी वेगळी. श्रीवर्धनच्या कचेरीतून घेऊन या."

बांबू वर गेला. गाडी सुटल्यावर मी मामांना विचारलं, "शिपायानं चार मोजले कसे? आपण दोघं बाहेर उभे होतो. गाडीत एकटा शिवदास."

"आळशी मेला. साहेबानं चार लिहिले, हाही चार म्हणाला."

हे मला पटलं. सरकारी कामाचा माझा अनुभव तोच होता.

"आणि हा कोंडाजी कोण?"

मामांनी मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. "कोणी नाही रे. जिभेवर आलं."

३

मामांना गाडी लागते म्हणून ते पुढे, शिवदासजवळ. मी मागे एकटा. डाव्या बाजूला, मामांच्या पंच्याची घडी करून तिच्यावर तो दगड ठेवलेला. डिसेंबरातलं छान ऊन होतं, रस्त्याला दोन्हीकडे सुपारीच्या बागा, मधूनच समुद्र. मी खूश होतो. नलूला काय काय सांगायचं ते ठरवत होतो.

तासाभरानं सहज हात लागला तर पंचा ओला. दगड चिखलातला, ओला असणारच. मी तो पुसून कोरडा केला, पंचा उलटा घातला, खिडकीतून थेट ऊन येईल असा दगड ठेवला. पुढच्या वळणाला पाहतो तर पुन्हा ओला. बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट. दगड पाणी धरून ठेवतात आणि उन्हानं ते बाहेर येतं, असं काहीतरी शाळेत शिकलो होतो, असं मी स्वतःला सांगितलं. शिकलो नव्हतो.

शिवदास दोनदा गाडी थांबवून चाकं बघून आला.

"काय झालं रे?"

"दादा, गाडी डाव्या अंगाला वढते. मागं डावीकडं काय जड हाय का?"

"खडा आहे मामांचा."

"खड्यानं न्हाय वढायची."

मुरूडला चहाला थांबलो. बाकावर बसतो न बसतो तोच हॉटेलवाल्यानं चार कप आणून ठेवले. मला वाटलं मामांनी सांगितले, मामांना वाटलं मी. शिवदास म्हणाला, त्यानं तर तोंडच उघडलं नव्हतं. वाद नको म्हणून चौथाही मीच उचलला. आमचे तिन्ही कप ओठ भाजतील इतके कढत होते. हा मात्र पाण्यासारखा गार होता.

मी तो कप तसाच खाली ठेवला आणि पैसे द्यायला उठलो.

४

पुढे राजपुरीची खाडी. तिथेही सांगड. तिथला म्हातारा तांडेल शिस्तीचा. गाडी मधोमध उभी करायची, आत कुणी बसायचं नाही, माणसांनी उतरून दोन्ही होड्यांत सारखं उभं राहायचं. होड्यांच्या अंगावर डांबराची रेघ ओढलेली. पाणी दोन्हीकडे रेघेला सारखं लागलं की मगच तो वल्ह्यांना हात लावू देई.

मी आणि मामा उजव्या होडीत चढलो. शिवदास डाव्या होडीत. तांडेल वाकला, दोन्हीकडची रेघ पाहिली.

"बरोबर हाय. चला."

"अहो, बरोबर कसं?" मी म्हटलं. "इकडे आम्ही दोघं आणि तिकडे तो एकटा."

तांडेलानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याची टर उडवतोय. "शेट, चाळीस वर्सं पानी बगतोय. पानी खोटं बोलत न्हाय. तितं दोन हायेत."

मी वाकून पाहिलं. दोन्ही रेघा पाण्याला अगदी सारख्या टेकलेल्या होत्या. पलीकडच्या होडीत शिवदास कडेला चिकटून उभा होता, बाजूला एक माणूस राहील एवढी जागा सोडून. का सोडली होती ते त्यालाही सांगता आलं नसतं, कारण पलीकडे उतरल्यावर मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "कवा? मी तर मधीच हुबा होतो."

पलीकडे दिघीला उतरताच मी गाडीतून दगड उचलला. "मामा, हा मी खाडीत टाकतो."

"वेडा आहेस? सोबतीचा खडा वाटेत टाकायचा नसतो. पोचल्यावर टाकायचा." पण त्यांचा आवाज सकाळचा नव्हता.

मी दगड परत ठेवला. आता मला स्वतःचाच राग येतो. शास्त्र मी मानत नव्हतो, मग त्या एका वेळेलाच का मानलं? भीती वाटली म्हणून. दुसरं काही नाही.

५

बोर्ली पंचतन मागे टाकून श्रीवर्धनला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नलूच्या घरासमोर गाडी थांबली. मामा सगळ्यांत आधी उतरले, दगड दोन्ही हातांत धरून अंगणाच्या फाटकाबाहेर ठेवला आणि हात झाडले. मी मोठा श्वास सोडला. दिवसभराचं सगळं मला एकदम हास्यास्पद वाटायला लागलं.

नलू पडवीत आली. अंगानं भरलेली, चेहऱ्यावर तेज. "दादा, मोटार घेऊन आलास? मला वाटलं बैलगाडीवरच भागवशील." ती हसली आणि मलाही हसू आलं. तिला सुखरूप घरी न्यायचं, बाकी कशाशी मला घेणं नव्हतं.

तिची सासू वेणूबाई आतबाहेर करत होत्या. जेवायला बोलावलं तेव्हा पाट मांडलेले चार.

"शिवदास तिकडे पडवीत बसतो म्हणाला," मी म्हटलं. "आम्ही दोघंच."

"त्याचं पान तिकडे दिलं. हा तुमचा, हा मामांचा, हा नलूचा, माहेरच्या माणसांबरोबर बसू दे तिला. आणि हा त्यांचा."

"कुणाचा?"

"तुमच्याबरोबर आलेत त्यांचा. आल्याआल्या मागीलदारी गेले ना, विहिरीवर पाय धुवायला."

मी उठून मागीलदारी गेलो. विहीर, रहाट, केळी. कुणी नाही. तसाच परत आलो. वेणूबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "दिसायला कसे होते?"

"पाठमोरेच पाहिले हो. पण दत्तात्रेय, राग मानू नका, परक्या पुरुषानं असं विचारावं का? मला म्हणतात कसे, नलूला कितवा लागला? मी उत्तरच दिलं नाही."

मामांनी हे ऐकलं. ते ताटावरून उठले, फाटकापर्यंत गेले आणि तिथे बराच वेळ वाकून शोधत राहिले. दगड नव्हता. "पोरांनी नेला असेल," मी म्हटलं. मामा हो म्हणाले. आम्ही दोघंही खोटं बोलत होतो आणि दोघांनाही ते कळत होतं.

६

सकाळी नलूच्या परवानगीचा प्रश्न आला. कचेरी अकराला उघडणार, आणि दिघीची सांगड नऊच्या भरतीला सुटणार. मामा म्हणाले, "एक दिवस राहू. कागद घेऊनच निघू."

मला त्या घरात आणखी एक रात्र काढायची नव्हती. पण तसं म्हणायची लाज वाटली, म्हणून मी कायदा काढला. "मामा, चिठ्ठीवर चार असामी आहेत. आपण तिघं आणि नलू, झाले चार. नाकेदाराला सांगू, चौथं नाव चुकून पडलं, ते खोडून हिचं घाला. एका ओळीची दुरुस्ती. आमच्या कचेरीत अशा रोज छप्पन्न करतो. कोंडाजीच्या जागी नलू."

मामा दचकले. "असं म्हणू नको रे."

पण मी म्हणून गेलो होतो.

नलू मागच्या बाजूला डावीकडे बसली, मी उजवीकडे. मधली जागा मोकळी. मामा पुढे. वेणूबाईंनी ओटी भरली, डोळे पुसले, आणि गाडी निघाली. थोडं पुढे गेल्यावर माझं लक्ष गेलं. नलूनं डोक्यावरून पदर घेतला होता आणि ती खिडकीला टेकून अंग चोरून बसली होती.

सख्ख्या भावासमोर, मामासमोर पदर? लहानपणी माझी पाटी फोडणारी नलू?

"ऊन लागतंय का ग?"

तिनं मानेनं नाही म्हटलं.

"मग पदर कशाला?"

तिनं डोळे मोठे केले, मला गप्प बसवावं तसे, आणि हळूच म्हणाली, "परकं माणूस आहे ना."

"शिवदास? तो हरेश्वरशेटांचा, त्याला तर तू..."

"त्यांना नाही म्हणत मी." आणि तिनं नजरेनंच दाखवलं, माझ्या आणि तिच्या मध्ये.

मी सावकाश हात मधल्या गादीवर नेला. गादी खोल दबलेली होती, आणि गार, ओली. मी जोर देऊन दाबलं. ती आणखी खाली गेली नाही.

मी हात मागे घेतला आणि तो धोतराला पुसला. मग तोंडाला येईल ते बोलत सुटलो: आईनं डिंकाचे लाडू केलेत, शेजारच्या राहीचं लग्न ठरलंय, तुझ्या खोलीला चुना लावलाय. तिला खरं काय सांगू? आधीचं एक मूल गेलेली, आठव्या महिन्यातली बाई. ती घाबरली आणि काही झालं तर? गाडी थांबवून तिला उतरवावं, तर पुढे चालत न्यायचं कुठे? मी फक्त बोलत राहिलो. शिवदासनं एकदाही आरशात पाहिलं नाही. तो मान ताठ ठेवून रस्त्याकडेच बघत होता.

राजपुरीच्या खाडीत तांडेलानं नलूला गाडीतच बसू दिलं. रेघ पाहून या वेळी तो काही बोलला नाही, तोंड वळवून त्यानं वल्हेकऱ्यांना खूण केली.

मुरूड मागे पडलं तेव्हा नलूचा पदर खांद्यावर आला होता आणि ती सैल होऊन नीट बसली होती. मी गप्प झालो तरी ती मधूनच "हं" म्हणत होती. एकदा तर "नाही हो, मुलगाच होऊ दे असं काही नाही," असं म्हणाली आणि ओशाळून माझ्याकडे पाहून हसली.

आणि साळाव अर्ध्या तासावर असताना तिनं माझं मनगट गच्च धरलं. "दादा, कळ आली रे."

७

नाक्यावर बांबू आडवा होता. पलीकडे पाणी, त्यापलीकडे रेवदंडा, आणि तिथून दवाखाना तासाभराच्या वाटेवर. अंबाजीची सांगड किनाऱ्याला लागलेली दिसत होती. मी खिडकीतून चिठ्ठी बाहेर दिली. नाकेदार आज स्वतः उठून गाडीपाशी आला.

"तुळशीराम."

"हजर."

"दत्तात्रेय."

"हजर."

"शिवदास."

"हाय."

"कोंडाजी."

गाडीत कुणी बोललं नाही. निदान मला काही ऐकू आलं नाही. पण नाकेदारानं मान डोलावली आणि चौथ्या नावापुढे खूण केली.

"चार झाले. आणि ही बाई?"

"माझी बहीण. साहेब, तिला कळा सुरू झाल्यात. आता दवाखान्यात पोचायला पाहिजे."

"परवानगी?"

मी खाली उतरलो. घरून निघताना रचलेलं वाक्य कसंबसं म्हटलं. "साहेब, चौथं नाव चुकून पडलंय. कोंडाजी नावाचा कुणी नाही. आम्ही तिघंच आलो होतो. ते नाव खोडा आणि हिचं घाला."

नाकेदारानं चष्म्यावरून आधी गाडीत पाहिलं, मग माझ्याकडे. तो अवघडला होता. आपल्यादेखत कुणी एखाद्या वडीलधाऱ्याचा अपमान केला की माणूस अवघडतो, तसा. "अहो, समोर बसलेल्या गृहस्थाला नाही कसं म्हणता? आत्ता हजर बोलले ना ते."

मी हात जोडले. रडायचाच बाकी होतो. खालून अंबाजी ओरडला, "ओहोटी लागली! आता न्हाय तं एकदम रातच्या भरतीला!"

नलूनं दात आवळून कळ सोसली. नाकेदाराचंही मन द्रवलं असावं. "बाई अडलेली आहे म्हणून सोडतो. पण वहीत चार आहेत, चारच जातील. चौघांतल्या एकानं उतरा. बाईची परवानगी येईपर्यंत तो इथे बसेल. कोण उतरतंय?"

मी मागचं दार उघडलं. नलूच्या शेजारच्या रिकाम्या गादीकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते नाव त्याला उद्देशून घेतलं.

"कोंडाजी, खाली उतरा."

काही हललं नाही. गादीचा खड्डा तसाच होता. मग नलूनं डोळे उघडले. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते.

"दादा," ती म्हणाली, "ते म्हणतात, तू राहा इथे."

"मी उतरतो," मामा पुढून म्हणाले. त्यांचा हात दाराच्या कडीवर होता.

"नाही मामा. दादानंच राहायचंय म्हणतात."

तिला पुढची कळ आली. ती ओसरेपर्यंतच मी विचार केला. नाही म्हणालो तर गाडी इथेच अडते, पाणी ओसरून जातं, आणि ती या पडवीत मोकळी होते, आधीच्या वेळेसारखी. हो म्हणालो तर ती जाते. मी हो म्हणालो. आणि खरं सांगायचं तर, आता त्या गादीवर पुन्हा बसायचं नाही एवढ्यानंच मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच.

नाकेदारानं माझं नाव खोडलं आणि वर बारीक अक्षरात नलूचं लिहिलं. शिपायाचा हात माझ्या दंडावर पडला.

"मामा, मागे बसा!" मी ओरडलो. "तिच्याजवळ बसा, एकटी सोडू नका!"

मामा उतरले, मागच्या दाराशी आले, एक पाय आत टाकून वाकले. तसेच थांबले. मग हळूच पाय काढून घेतला, दार लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथे जागा नाही, दत्तू."

८

गाडी सांगडीवर चढली. अंबाजीनं मामांना एका होडीत उभं केलं, शिवदासला दुसऱ्या होडीत. नलू तेवढी गाडीत राहिली. मी धावत किनाऱ्यापर्यंत गेलो. शिपायानं तेवढं जाऊ दिलं.

"अंबाजी! बाईकडे लक्ष ठेव!" मी हाका मारत होतो. अंबाजी आपल्या वल्ह्यावर वाकलेला होता. त्यानं एकदाही मागे, गाडीकडे तोंड केलं नाही. मामा समोर रेवदंड्याकडे बघत उभे होते. त्यांच्या पाठीवरून कळत होतं की तेही वळणार नाहीत.

दुपारचं लख्ख ऊन होतं. गाडीची मागची काच चकाकत होती, आणि सांगड जरा वळली की आतलं स्पष्ट दिसे. नलूचं डोकं डाव्या बाजूला. बाकी गादी रिकामी.

पाण्याच्या मध्यावर तिला जोराची कळ आली असावी. तिचं डोकं एकदम कलंडलं, रिकाम्या बाजूला. आता ती गादीवर आडवी होणार, काचेतून दिसेनाशी होणार, म्हणून मी बघत राहिलो. व्हायला तसंच हवं होतं. पण तिचं डोकं अर्ध्यातच थांबलं, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, आणि तिथे टेकून राहिलं.